खिडकीकडची गादी

वडीलधाऱ्या ताईंना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तितकाच वाकून).

तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसू लागलं, हे फोनवर कळलं. फार बरं वाटलं. आता डोळा जपा. ऊन, धूळ, धूर यांच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका, थेंब वेळच्या वेळी घाला, आणि भांडी घासायच्या भानगडीत पडू नका. तुमची बहीण तिथे आहे ना, ती करील. इकडची काळजी नसावी. मी मजेत आहे, घर मजेत आहे, दूधवालाही मजेत आहे. घाई तर कसलीच नाही. आमची ही तुमच्या मदतीला आली, ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. आता आणखी थोडं राहते म्हणाली तर खुशाल राहू दे, मी चकार शब्द काढणार नाही. (ताई, ती काही म्हणाली का? कधी येणार आहे?)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की फोनवर आमचं बोलणं होत नाही, हजेरी होते. ही विचारते, जेवलात का. मी म्हणतो, हो. ही विचारते, गॅस बंद केलात का. मी म्हणतो, हो, पण... तेवढ्यात ती "ठेवते" म्हणते आणि ठेवतेच. माझं सगळं बोलणं त्या "पण"च्या पलीकडे राहतं. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम टपोरं काढलं आहे, म्हणजे तुमच्या डोळ्याला ताण नको. तरीही वाचवलं नाही तर कोणाकडूनही वाचून घ्या, फक्त हिच्याकडून नको. आणि घरात दुसरं कोणी नसल्यामुळे तिच्याकडूनच वाचून घ्यावं लागलं, तर तिला बजावून सांगा की कंसातला मजकूर गाळायचा. कंस तुमच्या-माझ्यातले आहेत. (मघाशी दोन होऊन गेले. तेही गाळायचे होते.)

अक्षर मध्येच हललेलं दिसेल. मी हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहितो आहे आणि स्टूल डुगडुगतं. सोफा सोडून स्टुलावर का, ते पुढे येईल. थांबा हं, जिना वाजल्यासारखा वाटला.

कोणी नव्हतं. वरच्या मजल्यावरचा कुत्रा होता.

तर सोफा. तुम्हाला तो आठवत असेल, तीन गाद्यांचा, लाकडी हातांचा. मधली गादी आणि दाराकडची गादी अजून धडधाकट आहेत, कारण मधे कोणी बसत नाही आणि दाराकडे पाहुणे बसतात, ते बिचारे कडेवर टेकून. खिडकीकडची गादी मात्र पार कामातून गेली होती. खोळ विरून विरून जाळी झाली होती आणि आतला फोम जुन्या पावासारखा पिवळा होऊन बाहेर डोकावत होता. मी रिटायर झाल्यापासून तिथेच बसतो. बसतो म्हणजे काय, ही म्हणते तसं, बूड टेकतो आणि उठतो. पायाला भिंगरी आहे माझ्या, त्याला मी काय करू? सगळा जन्म कारखान्यात मशीनभोवती फिरण्यात गेला. आता बसलो की मला काहीतरी दिसतं, मग उठून ते सरळ करावंसं वाटतं. डब्यांची झाकणं, कपाटाची दारं, हिच्या मसाल्याच्या बरण्यांची रांग. ही दर दुपारी म्हणायची, "अहो, त्या गादीचं काहीतरी बघा." मी म्हणायचो, बघतो. आणि बघतो म्हणून परत तिच्यावरच बसायचो. तुमच्याकडे निघताना बॅगेची चेन ओढत ही काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "तिकडे निदान बसायला तरी मिळेल." एवढंच. रागावून नाही, ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं.

मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? एक खोळ! ती परत येईपर्यंत नवी कोरी खोळ शिवून तयार ठेवतो, मग बघू कुठे राहते रुसून. (ती रुसली आहे का, ताई? तुम्हाला काही बोलली असेल. मला ती जेवलात का यापलीकडे काही विचारत नाही.)

आता माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. उभा जन्म मी खोक्यांच्या कारखान्यात नमुने काढले. बुटांचं खोकं घ्या, बल्बचं घ्या, नाहीतर काचेच्या पेल्यांचं. मी एका अखंड पुठ्ठ्यावर आखायचो, कापायचो, मोड पाडायचो आणि डिंकाचा थेंब न लावता खोकं उभं करायचो. साहेब म्हणायचे, याच्या हातात पुठ्ठा दिला की तो आपण होऊन दुमडतो. तेव्हा गादी पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की गादी म्हणजे तरी काय, मऊ खोकं. शिंपी लोक उगाच वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, कडेची पट्टी वेगळी असले पसारे घालतात. मी अखंड कापडातून काढीन! नुसत्या घड्या घालायच्या आणि खोक्याच्या झाकणासारखा कानात कान अडकवायचा.

कारखान्याची शिस्त अशी, की आधी पुठ्ठ्याचा नमुना. तोही केला. गादीचं माप घेतलं, पुठ्ठा आणला, आणि काय सांगू ताई, हुबेहूब गादी उभी राहिली. वर जुनी चादर घातली आणि सोफ्यावर ठेवून लांबून पाहत उभा राहिलो. मोह आवरेना. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मास्तर चौकशीला आले. हे कवायतीचे मास्तर होते, देहाने दणकट, आणि त्यांना 'बसा' म्हणावं लागत नाही. मी "अहो, तिथे न..." म्हणेपर्यंत त्यांनी बैठक मारली होती. आवाज असा झाला की रस्त्यावरून कोणीतरी वर पाहिलं. मास्तर त्या खोक्यात कमरेपर्यंत गेले, पाय हवेत, आणि तोंडावर कवायतीचा तोच शांत भाव. मी त्यांना हात धरून बाहेर काढलं. ते उभे राहिले, चादर झटकली, आणि म्हणाले, "वहिनी कधी येणार आहेत?" जो येतो तो हेच विचारतो. मी म्हटलं, येईल की, घाई काय आहे.

नमुना मोडला तरी माप बरोबर ठरलं होतं, म्हणून कापड आणायला गेलो. दुकानदाराने ठाणांचे ढीग समोर टाकले, फुलांचे, पट्ट्यांचे, निळे, हिरवे. मी बोटांनी चाचपत चाचपत एकापाशी थांबलो. जाड, ताठ, भरवशाचं. घरी आणून उलगडल्यावर लक्षात आलं की रंगही थेट पुठ्ठ्याचा आहे. असो. एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्यालाही दाखवावं म्हणून आखलेला नमुना घेऊन गेलो. त्याने मान तिरकी करून पाहिलं, कागद उलटा केला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे कोणत्या जनावराचं?" गादीचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "सध्या शाळांचे गणवेश चालू आहेत, ते संपल्यावर या." ते संपेपर्यंत थांबायला मी काय दगड आहे? तडक घरी आलो आणि कात्री चालवली.

हिचं शिलाई मशीन बाहेर काढलं. (तिला सांगू नका. म्हणजे तिने हे वाचलं नसेल तर सांगू नका.) मशीन चालवणं सोपं आहे, ते थांबवणं कठीण आहे. पायाला माझ्या आधीच भिंगरी, तिच्याखाली मशीनचं पायडल आल्यावर काय होणार! टीप सरळ निघाली ती कापड संपल्यावरही थोडी पुढे गेली. पण जमलं हो. कापड उलटं करून शिवायचं हे मला ठाऊक होतं, तितका काही मी हा नाही. एका कडेला चेन बसवली, बाकीच्या कडा एकामागून एक शिवून काढल्या, दोरा दातांनी तोडला आणि आता ही खोळ सुलट करावी म्हणून चेन उघडायला गेलो. चेनची कडी सापडेना. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग डोक्यात प्रकाश पडला. चेन बंद ठेवून मी चारी बाजू शिवल्या होत्या आणि कडी आत गेली होती. म्हणजे माझी खोळ उघडणार, पण ती आतून. तिच्यात कोणी राहायला असतं तर त्याला फार सोयीचं झालं असतं. खोक्याचं असं कधी होत नाही, ताई! खोक्याला झाकण असतं आणि ते बाहेर असतं.

ब्लेडने एक कड उसवली, खोळ सुलट केली, फोम आत घालायला घेतला. फोम काही जाईना. पुठ्ठा दुमडला की तितकाच राहतो. कापड मात्र प्रत्येक शिवणीत थोडं थोडं आत दाबलं जातं आणि शेवटी हातात येते ती मापाहून लहान खोळ. हे मला कोणी सांगायचं? फोम मी दाबला, दुमडला, गुडघ्याखाली घातला, त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलून पाहिलं. जेमतेम आत गेला तेव्हा गादी बेडकासारखी टम्म फुगली होती. सोफ्यावर ठेवली तर ती एका कडेवर उभी राहून माझ्याकडे पाहायला लागली. पुन्हा सगळं उसवलं. जुन्या खोळीच्या मागच्या बाजूचं कापड अजून शाबूत होतं, त्याच्या पट्ट्या काढून कडांना जोडल्या आणि खोळ वाढवली. दिसायला ठिगळ आहे, पण आता फोम माणसासारखा आत गेला.

जुन्या खोळीतून तो फोम काढताना एक गोष्ट मात्र नजरेत भरली होती. रिकामं खोकं पाहून आत काय होतं ते मी सांगतो, हा माझ्या हाताचा गुण. फोमला वरवर एक पसरट, उथळ खळगा होता, तो माझा. पण त्याच्या खाली दुसरा होता, लहान, खोल, एका कोपऱ्याकडे कललेला, कोणी एक पाय पोटाशी घेऊन बसावं तसा. मी तसा कधी बसत नाही. मला वाटलं फोमच खराब निघाला आहे, आणि तसाच खोळीत घातला.

आता शेवटची कड राहिली. ती फोम घातल्यावर हातानेच शिवायची असते, म्हणून गादी मांडीवर घेतली आणि सुई चालवायला लागलो. शेवटचे टाके आले होते. आणि घंटा वाजली. ताई, मी काय सांगू, मला वाटलं हीच आली. बॅग घेऊन दारात उभी असणार आणि मी अजून गादी मांडीवर घेऊन बसलो आहे! मी उठलो तो थेट दाराकडे धावलो आणि गादी माझ्याबरोबर आली. मांडीवर ठेवून शिवताना मी पायजमाही शिवला होता. पायाला गादी लोंबते आहे, कमरेला एक हात आहे, अशा अवस्थेत मी दार उघडलं. मास्तर. त्यांनी मला पाहिलं, गादीला पाहिलं, आणि आल्या पावली परत गेले. मी तिथेच ओढाताण करून पायजमा सोडवला, गादी सोफ्यावर ठेवली, गाठ मारली, आणि मग लक्षात आलं की सुई नाही. (ती नव्हती याचं मला जास्त वाईट वाटलं. सुईचं नंतर वाटलं.)

सुई सोफ्यात आहे हे नक्की. पण कुठे? नव्या गादीत, मधल्या गादीत, फटीत, कोणास ठाऊक. मी चिमट्याने पाहिलं, चुंबक फिरवलं, काही हाती लागेना. तेव्हापासून सोफ्यावर कोणी बसायचं नाही असा मी हुकूम काढला आहे, आणि घरात मी एकटाच असल्यामुळे तो माझ्यावरच चालतो. म्हणून हे स्टूल. थांबा, खाली कोणाचीतरी रिक्षा थांबली.

आपल्याकडची नव्हती.

तर स्टूल. रिटायर झाल्यापासून मी या स्टुलावर एकदाही बसलो नव्हतो. बसलो आणि ते डुगडुगलं. खाली वाकून पाहिलं तर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. माझ्याच कारखान्याचा पुठ्ठा, माझ्याच नमुन्याचा तुकडा, चपटा होऊन गेलेला. मग डोळे वर करून पाहिलं. हाताच्या अंतरावर, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर हिचा जुना चष्मा. त्याच्याशेजारी विणकामाची पिशवी, रेडिओ, आणि अर्धं वाचलेलं मासिक उपडं घातलेलं. हे सगळं पूर्वी कुठे असायचं, ताई? सोफ्याच्या लाकडी हातावर, खिडकीकडच्या. मी कारखान्यात जायचो तेव्हा दुपारची ती तिथे बसायची, एक पाय पोटाशी घेऊन, रेडिओ हळू लावून. सुट्टीच्या दिवशी मी ते पाहिलेलं आहे. आणि मी रिटायर झालो, पहिल्याच दिवशी त्या जागेवर जाऊन बसलो, आणि तिथून तिला सांगायला लागलो की बरण्या उंचीप्रमाणे लाव. तिने सामान उचललं आणि स्वयंपाकघरात आली. स्टुलाच्या पायाखाली घडी घातली. मला एका शब्दाने बोलली नाही. नुसतं म्हणत राहिली, त्या गादीचं काहीतरी बघा.

(मी खोळ बघत बसलो. ताई, मला आतून फार लागलं आहे. घरात आता कोणी बरण्या हलवत नाही, मी त्यांना हातही लावलेला नाही, त्या तिने ठेवल्या तशाच वाकड्या उभ्या आहेत आणि त्या तशाच मला बघायच्या आहेत. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते विसरतो. जिना वाजला की उठतो. जिना सारखा वाजतो.)

असो. पाल्हाळ फार झालं. तर सांगायचा मुद्दा इतकाच की गादी तयार आहे, सर्व क्षेम आहे आणि घाई कसलीच नाही. डोळ्याला जपा. मास्तरांनी नमस्कार सांगितला आहे (लांबूनच).

आपला,
स्टुलावरचा मेहुणा

ताजा कलम: हिला सहज विचाराल का, मी विचारलं असं न सांगता, की कापडात गेलेली सुई कशी शोधतात? तिला माहीत असणार.

ताजा कलम दुसरा: हा ताईंसाठी नाही. डॉक्टरांनी ताईंना इतक्यात वाचायला मनाई केली आहे, हे तूच मला फोनवर सांगितलंस, "ठेवते"च्या आधी. तेव्हा हे पत्र कोण मोठ्याने वाचणार हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. ताईंना ऐकवताना कंस गाळले असशील तर चांगलं केलंस. आता त्यांना चहा करून दे, आणि कंस तेवढे परत वाच. खरं पत्र तेवढंच आहे. खिडकीकडची जागा तुझी आहे. चष्मा, रेडिओ, पिशवी, मासिक, सगळं परत तिथे आणून ठेवलं आहे. मासिकाचं पान हलू दिलेलं नाही. स्टूल मी घेतलं. मी आता त्या गादीवर बसणार नाही, शप्पथ.

ताजा कलम शेवटचा: पाकीट बंद करता करता उघडलं. सुई सापडली. त्या गादीतच होती. कशी सापडली ते विचारू नकोस. एकदाच बसलो होतो, तुला टोचणार तर नाही ना, ते पाहायला. आता टोचणार नाही. ये.